नेसलबाई

आमच्या रेक्टरबाई नव्या मुलीला नाव विचारत नसत. नाव, गाव, नोकरी कुठं, घरी कोण कोण, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं तरी चालायचं. पहिल्या संध्याकाळी त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, आधी वाकून खाटेखाली बघायच्या, मग मुलीकडे, आणि विचारायच्या, "काय गो, नेसल झालीस काय?"

मी बार्शीहून रत्नागिरीला आले ती एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीसाठी. नोकरदार बायकांचं ते होस्टेल गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, होतं. चिऱ्याची बैठी इमारत, मागे विहीर, कुंपणाला काजूची झाडं, आणि दिवसभर वारा. त्या पहिल्या संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या, ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाईंचा प्रश्न मी ऐकला आणि माझी समजूत झाली की इथं साडी सक्तीची आहे. मी घाबरून म्हटलं, "बाई, मी साडी नेसत नाही. आणलेलीच नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग दाराची चौकट धरून इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून शबाना धावत आली. शबाना सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि होस्टेलमध्ये सगळ्यांत जुनी. "शबाना," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "ही पोरगी माझ्यावर गेलीय बघ."

त्याचा अर्थ मला त्याच दिवशी स्वयंपाकघरात कळला. बाई खवणीवर बसून नारळ खवत होत्या आणि मी पाटावर. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही लांज्याकडच्या खेड्यांत. नवरा मुंबईला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होता. लग्नाला तीन वर्षं व्हायच्या आत तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. त्या भावाकडे परत आल्या. "दादानं, वहिनीनं कधी वाईट वागवलं नाही गो," बाई म्हणाल्या. "पण पाव्हणीसारखं वागवलंनी. पाव्हणीला कोण कामाला हात लावू देत नाही, आणि कोण भांडत पण नाही. भांडायला कोण नसलं की घर कसलं?" म्हणून त्या ह्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात कामाला आल्या; रेक्टर झाल्या त्या बऱ्याच वर्षांनी. तेव्हा इथं गोव्याच्या एक म्हाताऱ्या मिस रेक्टर होत्या. पांढरे केस, गुडघ्याखाली जाणारा फ्रॉक, आणि मराठी अगदी बेतास बात. बाई आल्या त्या दिवशी आपल्या ट्रंकेवर बसून राहिल्या. ट्रंक उघडेनात, खाटेवर बसेनात. मिस आल्या आणि मायेनं म्हणाल्या, "नेसल, चाइल्ड, नेसल."

"मी बघितलं तर एसटीत लुगड्याला तेल लागलेलं," बाई सांगत होत्या. "म्हटलं, मिसला दिसलंन वाटतं. उठले, ट्रंक उघडली, दुसरं नेसले. मिस परत आल्या. मी परत ट्रंकेवर. परत म्हणाल्या, नेसल. म्हटलं, हे पण आवडलं नाय काय. परत गेले. माझ्याकडे होतीच तीन. तिसरं नेसायला निघाले तेव्हा मिसनं हात धरलंन."

मग मिसनी त्यांना मागच्या अंगणात नेलं. तिथं टोपलीत एक कोंबडी अंड्यांवर बसत होती. तिनं आधी पेंढा पायांनी थोडा इकडे केला, थोडा तिकडे केला, मग पंख जरा उचलले, मग पोट टेकवलं आणि हळूच अंग फुलवून बसली. मिस तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नेसल." इंग्रजीतलं नेसल, म्हणजे ऊब धरून, अंग सैल सोडून विसावणं. एवढ्यावर शिकवणी संपली.

पण बाईंच्या डोक्यातून साडी काही गेली नाही. त्यांच्या मते मिसचं नेसल आणि आपलं नेसणं हे मुळात एकच. "लुगडं नुसतं अंगाला गुंडाळलं तर सुटतं," त्या म्हणायच्या. "निऱ्या घालायच्या, खोचायच्या, दोन पावलं चालून बघायचं, कुठं ओढतंय काय. मग ते आपलं. जागेचं तसंच गो. जागा नेसावी लागते."

होस्टेलात त्यांचा पहिला नियम बॅगेचा. आल्या दिवशी बॅग पूर्ण रिकामी करायची आणि ती बॅग माळ्यावर चढवायची. "खाटेखाली भरलेली बॅग असली की माणसाला झोपेतपण गाडीची वेळ आठवते," असं त्यांचं म्हणणं. मी काही ऐकणार नव्हते. मला सोलापूरला नोकरी मिळेपर्यंत सहा महिने काढायचे होते, आणि सहा महिन्यांसाठी कोण कपाट लावतं? मी दोन ड्रेस काढले आणि बॅग परत लोटली. बाई माझ्या खाटेवर येऊन बसल्या. बॅगेबद्दल अक्षर नाही. बार्शीत ज्वारीची भाकरी किती मोठी करतात, आमच्याकडे खोबरं कोरडं का घालतात, माझी आई चिडते कशावर, असं विचारत राहिल्या. जेवणाची वेळ झाली तरी उठेनात. बाकीच्या मुली भुकेनं दारात जमा झाल्या. शेवटी शबाना मला म्हणाली, "कर बाई रिकामी, आम्हाला जेवायचंय." मी बॅग रिकामी केली. बाईंनी ती स्वतः उचलून नेली.

दुसरा नियम खाटेचा. खोलीत तीन खाटा असल्या आणि एक मुलगी आधीच राहत असली, तर नव्या मुलीनं उरलेल्या दोन्हींवर आडवं होऊन बघायचं. नुसतं बसून नाही, आडवं होऊन, डोळे मिटून. वारा कुठून लागतो, उजेड कुठून येतो, डोक्याशी भिंत बरी वाटते की खिडकी. बँकेतली दीपाली नागपूरहून आली तेव्हा तिला हे सगळं फार हास्यास्पद वाटलं होतं. "बाई, खाट ती खाट," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "असं बोललीस तर तुला खाट कशी सापडेल?" दीपाली दोन्ही खाटांवर पडून बघून पहिलीवर परत आली, आणि तिथंच तिला झोप लागली. तिला जेवायला उठवावं लागलं.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. डॉक्टर, स्टेशन, लाइट, टाइम असे सगळ्यांना येणारे शब्द त्यांना येत होते. पण मिसचा तो एक शब्द मात्र त्यांनी मराठीत असा कालवला होता की तो वेगळा काढता येऊ नये. मांजर चुलीजवळ "नेसलून" बसायची. आढीतले आंबे त्या पेंढ्यात "नेसलवून" ठेवायच्या. भात उतरल्यावर झाकण काढणारीला ओरडायच्या, "थांब गो, नेसलू दे त्याला जरा." हळूहळू आम्हीही तसंच बोलायला लागलो. दीपाली एकदा बँकेत मॅनेजरना सांगून आली की फाइल कपाटात नेसलवली आहे. ते बिचारे दिवसभर फाइल शोधत होते. बाईंच्या मागे त्यांचं नाव नेसलबाई पडलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

एसटीत त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही एक मजा होती. एका रविवारी त्या आम्हाला मालगुंडला घेऊन गेल्या. खिडकीजवळ बसल्या. चपला काढून पायाखाली घेतल्या, पिशवी दोन पायांच्या मध्ये, पदर खांद्यावरून ओढून घेतला, खिडकी दोनदा वर खाली करून बघितली, पाठ एकदा डावीकडे टेकवली, एकदा उजवीकडे. मग शेजारच्या अनोळखी बाईंना विचारलं, "तुमचं नीट झालं ना?" गाडी स्टँडमधून बाहेर पडायच्या आत त्या अशा बसल्या होत्या की जणू ती सीट त्यांच्या सासऱ्यांनी घेऊन ठेवली होती. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला, "काकी, मालगुंडला उतराल ना नक्की?"

हुकमत मात्र जबर. जेवताना फोन दिसला की तो मिठाच्या डब्याशेजारी जप्त. आजारी पडलेल्या मुलीला पेज प्यावीच लागे, आणि ती प्यायल्याशिवाय बाई खाटेवरून हलत नसत. घोरणं असं की नव्या मुलीला वाटायचं, मागे ट्रक उभा आहे. आणि उभ्यानं खाणारं माणूस त्यांना सहन होत नसे. घाईत दारात उभं राहून चहा पिणाऱ्या मुलीच्या हातातून त्या कप काढून घेत. "घोड्यावर आलीस काय? बस आधी."

ह्या सवयीमुळेच पुढचं सगळं झालं.

एका उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप बंद पडला. नेहमीचा माणूस गावाला गेलेला. कुणीतरी बंदरावरच्या एका मिस्त्रींना पाठवलं. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. मूळचे दापोलीकडच्या हर्ण्याचे, पण मासेमारीच्या हंगामात रत्नागिरीला येऊन राहायचे. साठीच्या आसपासचे, उंच, वाळके, बोलायला कमी. त्यांनी सकाळभर खपून पंप चालू केला. बाईंनी चहा नेला. मिस्त्री विहिरीच्या कठड्याशी उभे राहून चहा प्यायला लागले. मी आणि शबाना बादल्या घेऊन तिथंच होतो.

"मिस्त्री, बसून घ्या," बाई म्हणाल्या.

"नको बाई. कपडे काळे आहेत. खुर्ची खराब होईल."

"खुर्ची पुसता येते. नीट नेसलून बसा."

"काय करून बसू?"

मग बाईंनी त्यांना कोंबडी सांगितली, पेंढा सांगितला, लुगडं सांगितलं. मिस्त्री खुर्चीच्या टोकावर बसले, मग मागे सरकून बसले, मग पाठ टेकली. कप गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "आमच्या इंजिनाचं असंच असतं. पायावर बसायच्या आधीच बोल्ट आवळले तर सगळी होडी थरथरते. आधी त्याला बसू द्यायचं."

"बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना दुसरा कप दिला. होस्टेलात दुसरा कप मागितल्यावरसुद्धा मिळत नसे.

त्यानंतर त्या पंपाची जितकी तपासणी झाली तितकी आमच्यापैकी एकीचीही झाली नसेल. मिस्त्री दर आठवड्याला यायचे, पंपाला हात लावायचे, आणि खुर्चीवर बसायचे. येताना कागदात बांधलेले सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आणायचे, कधी बोंबील. बाई त्यांना आमच्याबद्दल सांगायच्या आणि ते बाईंना इंजिनांबद्दल. शबाना म्हणायची, पंप बिघडलाच तर मिस्त्रींना तो दुरुस्त करायला सवड कुठून मिळणार.

पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. मिस्त्रींना हर्ण्याला परत जायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आम्ही खिडकीच्या आत होतो आणि मुद्दामच होतो.

"बाई, मी सरळ बोलतो," मिस्त्री म्हणाले. "बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरी मी आणि आई. आईला ऐकू कमी येतं. घरात बोलायला कोण नाही. तुम्ही याल काय?"

"कामाला?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही. लग्न करून."

बाई तांदूळ निवडत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मिस्त्री, चहा झाला असेल तर कप तिथं ठेवा." मिस्त्रींनी कप ठेवला आणि गेले.

त्यानंतर काही दिवस आमटीत मीठ कधी जास्त, कधी नाहीच. एकदा शबानानं सरळ विचारलं, "बाई, तुमच्या मनात नाही का?"

"मनात असून काय करू? ह्या वयात उठून कुठं जाऊ? मी इथं एकदा नेसल झालेय. कोंबडी काय दोनदा बसते?"

"बसते की," शबाना म्हणाली. "दर वेळी अंडी झाली की बसते."

"गप गो," बाई म्हणाल्या. पण तोंड फिरवून हसल्या ते आम्ही बघितलं.

ही बातमी लांज्याला कशी पोचली कोण जाणे. एक दिवस बाईंचे दादा आले. स्वच्छ पांढरा सदरा, टोपी, हातात छत्री. तरुणपणी काही वर्षं मुंबईत नोकरी करून पुढे शेतीच केलेला, कमी बोलणारा माणूस. ऑफिसातल्या खुर्चीवर बसून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "साठीला आलीस. आता हे काय ऐकतोय मी? आपण शेतीवाले. तो माणूस बंदरावरचा. गावात मी कुठल्या तोंडानं फिरू?"

"दादा, मी हो म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मग ठीक आहे." त्यांनी चहा घेतला, वहिनीनं दिलेली आमसुलं काढून ठेवली आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. ते गेल्यावर बाई समोरच्या खुर्चीवर तशाच बसून राहिल्या. त्यांना असं नुसतं बसलेलं आम्ही कधी बघितलं नव्हतं. पाठ कुठं टेकलेली नाही, पदर सुटलेला. आम्हाला ते बघवेना.

दीपाली म्हणाली, "नाही म्हणायचंच असेल तर बघून तरी म्हणावं. आपण बघून येऊ." पुढच्या रविवारी शबाना, दीपाली आणि मी, अशा मुलीकडच्या तिघी पहाटेच्या गाडीनं निघालो. शबानाचं आजोळ दापोलीजवळ, तिला वाट माहीत होती. जेवणवेळेला हर्ण्याला पोचलो.

मिस्त्रींचं घर वस्तीत होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, बाजूला इंजिनाचे सुटे भाग मांडून ठेवलेले. मिस्त्री आम्हाला बघून इतके गोंधळले की आत जाऊन सदरा बदलून आले आणि मग पहिलाच परत घालून आले. पडवीत त्यांची आई बसली होती, वाळलेल्या सोड्यासारखी लहानखुरी, डोळे मात्र लखलखीत.

"मुलीकडची माणसं तुम्हीच?" तिनं विचारलं. "मोठं कोण नाही?"

"आम्हीच," दीपाली मोठ्यानं म्हणाली.

"बरं. मुलगी करते काय?"

"होस्टेल चालवते."

"स्वभाव कसा?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. खोटं बोलायचं नाही असं एसटीत ठरलं होतं. शबाना पुढे वाकून म्हणाली, "हुकमी आहे. सगळ्यांना बसा बसा म्हणते."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "हा मेला उभ्यानं जेवतो."

जेवण झालं. म्हातारीनं आम्हाला आत नेलं. भिंतीतल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे तिनं रिकामे करून पुसून ठेवले होते. अजून होकार नव्हता, तरी पुसून ठेवले होते. मग एका खाटेवर हात ठेवून तिनं विचारलं, "तिला झोपायला वारा लागतो, काय भिंत? खाट कुठल्या अंगाला लावू?"

आमच्यातल्या प्रत्येकीला वारा लागतो की भिंत हे बाईंना पाठ होतं. बाईंना काय लागतं, हे आम्हा तिघींतल्या एकीलाही माहीत नव्हतं.

परत आल्यावर आम्ही सगळं सांगितलं. बाई भाजी चिरत ऐकत होत्या. लादी कसली, पाणी कुठून, शेजार कसा, काहीच विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हातारीनं खाटेचं विचारलंन?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, त्या येऊन स्वतः सांगतील."

"शहाण्याच आहात," बाई म्हणाल्या. पण त्यानंतरच्या रविवारी त्याच पहाटेच्या गाडीनं त्या निघाल्या. म्हाताऱ्या माणसाला उत्तराशिवाय ताटकळत ठेवू नये, एवढंच कारण त्यांनी दिलं. संध्याकाळपर्यंत परत येणार होत्या. आल्या नाहीत. अंधार पडायच्या सुमाराला फोन आला, गाडी चुकली, उद्या येते, भात नीट शिजवा. आम्ही खिचडी केली आणि ती करपली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. करपलेलं पातेलं बघून काही बोलल्या नाहीत, हेच आम्हाला विशेष वाटलं. पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला झोप लागली गो."

"कुठं?"

"त्यांच्या पडवीत. जेवले, म्हटलं पाच मिनटं टेकते, मग गाडी. म्हातारी शेजारी जाळं विणत बसलेली. टेकले ती झोपलेच. जाग आली ती म्हातारी दिवा लावायला उठली तेव्हा. अंगावर कोणीतरी चादर घातलेली." त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. "दादाकडे इतकी वर्षं जातेय. दुपारची कधी झोपले नाही. डोळाच लागत नाही, परक्याच्या घरात लागत नाही तसा. आणि तिथं घोरले पण. म्हातारीनं सांगितलंन."

"तिला कमी ऐकू येतं ना?" दीपालीनं विचारलं.

"तरी ऐकू गेलंन," बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. आम्हीही हसलो. पंपाजवळच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल इतकं हसलो.

मग बाई लांज्याला जाऊन आल्या. आल्यावर म्हणाल्या, "विचारायला नाही गेले. सांगायला गेले." दादा काय म्हणाले, असं विचारल्यावर म्हणाल्या, "काही नाही म्हणाला. विळा घेऊन शेतात गेला. वहिनी म्हणाली, ते येतील असं धरू नको." एवढं सांगून त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

लग्न पावसाळा संपल्यावर झालं. कचेरीत सह्या आणि होस्टेलात जेवण. शबानानं बाईंच्या हातांवर मेंदी काढली. बाई तासभर हात वर धरून बसल्या आणि त्या तासात आमच्यावर जितका हुकूम चालला तितका एरवी आठवड्यात चालत नसे. मिस्त्रींची आई हर्ण्याहून जीपमध्ये पुढच्या सीटवर उशी घेऊन आली. तिनं पंगतीत प्रत्येकीला जवळ बोलावून गालाला हात लावला, आणि नवरदेव उभ्यानं वाढायला लागले तेव्हा त्यांना ओरडून खाली बसवलं. बाई लांबूनच म्हणाल्या, "आई, तुम्ही बसा, मी सांगते त्यांना."

निघायची वेळ झाली तेव्हा रडलो आम्ही. नवरी रडलीच नाही. होस्टेलातल्या सगळ्या, कधी काळी राहून गेलेल्या, लग्न होऊन गावात स्थायिक झालेल्या, अशा कितीतरी जणी फाटकात उभ्या राहून हुंदके देत होत्या. मी त्यांच्यातलीच एक. सहा महिन्यांसाठी आलेली मी, सोलापूरची नोकरी आली तेव्हा नको म्हणून बसले होते. आज रत्नागिरीत माझं स्वतःचं घर आहे, आणि त्यातली खाट कुठं असावी हे ठरवायला मला पहिले दोन दिवस लागले. पण तेव्हा फाटकात मला फक्त रडू येत होतं. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी मरायला चाललेय काय? हर्ण्याला चाललेय. गाडी जाते तिथं."

नवरीबरोबर पाठराखीण जाते. ती कोण जाणार यावर आमची दोन दिवस भांडणं झाली होती, आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून माझं नाव निघालं होतं. जीपच्या पुढच्या सीटवर म्हातारी आणि ड्रायव्हर. मधल्या सीटवर मिस्त्री, बाई आणि मी. मागे ट्रंक, बरण्या, मुलींनी घेतलेली भांडी. मी बाईंच्या शेजारी बसले, मांडीवर फराळाचा डबा. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

तेवढ्यात चढावरून रिक्षा आली. तिच्यातून दादा उतरले. तोच पांढरा सदरा, तीच छत्री, काखेत तांदळाची पिशवी. घामानं भिजले होते. लांज्याची गाडी वाटेत बंद पडली होती आणि ते दुसरी मिळेपर्यंत हायवेवर उभे राहिले होते. त्यांनी मिस्त्रींना नमस्कार केला. मिस्त्री खाली उतरायला लागले तर हातानंच बसा म्हणाले. बाईंकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "पाठराखीण कोण जातेय?"

"मी," मी म्हटलं.

"तू उतर. मी जातो."

बाई हळूच म्हणाल्या, "दादा, पाठराखीण बाईमाणूस असतं."

"असेल," दादा म्हणाले. ते जीपच्या दाराची कडी हातात धरून उभे होते. "पहिल्या वेळेला मी मुंबईत होतो. रजा मिळत होती. घेतली नाही." त्यांनी काखेतली पिशवी सावरली. "कोणाच्या घरात गेलीस, कशी राहिलीस, मी बघितलं नाही. आता बघू दे."

मी डबा त्यांच्या हातात दिला आणि उतरले. म्हातारीनं पुढून वळून विचारलं, काय झालं, कोण आलंय. मिस्त्री तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "मुलीकडचं मोठं माणूस आलंय."

"मग बसवा की त्यांना," म्हातारी म्हणाली. "उभे का?"

दादांनी छत्री आत टाकली, तांदळाची पिशवी पायाशी घेतली, आणि एक पाय आत ठेवून बहिणीला म्हणाले, "सरक गो जरा."

बाई सरकल्या.